ड्रॉइंगच्या कोपऱ्यातले नाव

आयटीआय आणि डिप्लोमाचे निकाल लागले की गास, सोपारा, वसई भागातले पालक आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात. "दादा, पोराला कंपनीने अप्रेंटिस म्हणून बोलावलंय, तेही डिझाइन खात्यात. वर्षभर नुसतं विद्यावेतन, पुढं नोकरीची हमी नाही. इकडे वालीवच्या गाळ्यात ठेकेदार त्याहून चार पैसे जास्त द्यायला तयार आहे. काय करावं?"

विचारणारे बहुधा स्वतः कारखान्यात, गोदीत किंवा सफाई खात्यात राबलेले असतात. घरात धाकटी भावंडे शिकत असतात, खोलीचे हप्ते चालू असतात. अशा घराला 'शिक्षण महत्त्वाचे' एवढे एका वाक्याचे उत्तर देऊन चालत नाही. आम्ही स्वतः १९९४-९५ साली एका कारखान्याच्या डिझाइन खात्यात वर्षभर उमेदवारी केली आहे. म्हणून या आठवड्यात हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. पालकांनी वाचावा आणि मुलामुलींनाही वाचायला द्यावा.

डिझाइन खात्यात चालते तरी काय?

कारखान्यात कोणताही भाग तयार होतो तो कागदावरच्या ड्रॉइंगवरून. टर्नर, फिटर, वेल्डर, माल पुरवणारा, तयार माल तपासणारा, सगळे त्या कागदाचा हुकूम मानतात. भोक किती मिलिमीटरचे, पोलाद कोणत्या जातीचे, कोणता पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा, हे सारे तिथे लिहिलेले असते. ते लिहितो तो डिझाइन विभाग.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत भागाचे नाव, क्रमांक, धातू आणि प्रमाण दिलेले असते. त्याच चौकटीत तीन छोटे रकाने असतात: काढले कोणी, तपासले कोणी, मंजूर केले कोणी. प्रत्येकाची सही आणि तारीख. पुढे दहा वर्षांनी एखादा भाग मोडला तरी तो कागद बाहेर निघतो आणि त्या सह्या वाचल्या जातात. म्हणजे या खात्यात काम करणाऱ्याच्या नावावर जबाबदारी लिहिलेली असते. आपल्या समाजाच्या दृष्टीने या कोपऱ्यातल्या नावाला फार मोठा अर्थ आहे.

शीव आपल्याला पाठ, नकाशा दुसऱ्याच्या हाती

गावगाड्यात आपल्या पूर्वजांना गावाची शीव तोंडपाठ असे. हद्दीचा तंटा निघाला की महाराची साक्ष घेतली जाई. कोणता दगड कुठे, कोणत्या ओहोळापासून कोणाची जमीन सुरू होते, हे त्याला ठाऊक असे. ज्ञान त्याचे होते. परंतु ते कागदावर मांडण्याचा अधिकार त्याला नव्हता. लेखणी दुसऱ्याच्या हाती राहिली.

गिरण्या आणि रेल्वे आल्या तेव्हाही तीच रीत नव्या रूपात चालू राहिली. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, हे कारण! बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी रेल्वेतले चित्र उभे केले: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वर्कशॉपमध्ये तो हमाल राहतो, मेकॅनिक किंवा फोरमन होत नाही.

त्या परिषदेतील ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंचा उल्लेख सर्वांना आठवतो. परंतु त्याच भाषणात कामाची बढती आणि हातातले कौशल्य यांचा केवढा बारीक विचार होता, हे विसरता कामा नये. पुढे २० जुलै १९४२ रोजी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या त्यांनी मागितल्याच. शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असेही सुचवले. अप्रेंटिसची जागा हा बाबासाहेबांनी मागितलेला हक्क आहे. कोणाच्या मेहेरबानीचा तो प्रश्न नाही.

आमचे ते वर्ष

आता अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव देण्याचे कारण नाही. नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल, दारात लोंबकळणे, आणि बरोबर आठला हजेरी. विद्यावेतनातला बराच भाग पास, डबा आणि ड्रॉइंगची पेने यांतच जाई. त्या वर्षी आमची आई गासच्या वाड्यांत पहाटे मोगरा आणि कागडा खुडायला जात होती. घर तिच्या मजुरीवर चालले आणि आमची उमेदवारी पुरी झाली. 'उमेदवार' या शब्दात उमेद आहे, परंतु ती उमेद कोणाच्या तरी घामावर उभी असते, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

आमच्याबरोबर आणखी एक मुलगा लागला होता. दुसऱ्या आठवड्यात एका वरिष्ठाने आम्हाला आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग 'कोणत्या कोट्यातून?' असे विचारले. त्यानंतर त्या मुलाला ड्रॉइंगबोर्ड मिळाला आणि आम्हाला प्रिंटची खोली. तिथे ट्रेसिंगवरून अमोनियाच्या यंत्रात छापील प्रती काढायच्या. डोळ्यांतून पाणी येई. मोठ्या कागदाच्या अशा घड्या घालायच्या, की कोपऱ्यातली चौकट वर दिसली पाहिजे. मग फाइल लावायची, खाली शॉपमध्ये प्रती पोचवायच्या.

उघड कोणी काही बोलत नव्हते. भांडावे तर कशावर? तेव्हा आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, घडी घालण्याआधी प्रत्येक ड्रॉइंग वाचायचे. रोज तीस-चाळीस कागद हातांखालून जात. तीन महिन्यांत कोणत्या यंत्राचा कोणता भाग, क्रमांक कसे पडतात, कोणाच्या हाताचे काम सफाईदार, हे सारे पाठ झाले. दुसरी गोष्ट म्हणजे डायरी. अप्रेंटिसला रोजच्या कामाची नोंद ठेवावी लागे आणि दर तिमाहीला प्रशिक्षण अधिकाऱ्याची सही घ्यावी लागे. आम्ही जे केले तेच लिहिले: 'आज ३८ प्रती छापल्या, घड्या घातल्या.' दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिमाही संपल्यावर अधिकाऱ्यांनी पाने उलटली. सही करायची म्हणजे अप्रेंटिसने तीन महिने नुसत्या घड्या घातल्या हे मान्य करायचे, तेही वर जाणाऱ्या कागदावर! त्यांनी पेन खाली ठेवले आणि फोन उचलला. चौथ्या महिन्यात आम्हाला बोर्ड मिळाला.

भांडण न करता, खोटे न लिहिता, कागदाच्या जोरावर मिळाला. ज्यांना असा अनुभव येईल त्यांनी हा मार्ग जरूर लक्षात ठेवावा.

मायक्रॉनचा हिशेब

बोर्डावर आधी पेन्सिल, मग ट्रेसिंगवर काळी शाई. चुकलेली रेघ ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, कागद फाटता कामा नये. दिसणारी कड जाड रेघेने, लपलेली कड तुटक रेघेने, मध्यरेषा बारीक आणि लांब-आखूड तुकड्यांची. चित्र काढणे त्या मानाने लवकर जमते. अवघड जातात ते आकडे.

उदाहरण पाहा. २५ मिलिमीटरचा दांडा २५ मिलिमीटरच्या भोकात सहज सरकला पाहिजे. दोन्ही तंतोतंत २५ करा म्हणून लिहिले तर कोणत्याच यंत्रावर ते होणार नाही, कारण थोडा फरक पडतोच. म्हणून किती फरक चालेल हे ड्रॉइंगवर सांगावे लागते. भोक २५.००० ते २५.०२१ आणि दांडा २४.९८० ते २४.९९३ असा ठेवला, तर दोहोंत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची मोकळीक राहते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केसही याहून जाड असतो! मोकळीक कमी पडली तर दांडा अडकतो, जास्त झाली तर थरथरतो. आणि उगाच नको तेवढी अचूकता मागितली तर टर्नरचा वेळ आणि मालकाचा पैसा वाया जातो.

आमचे तपासनीस निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. तांबड्या पेन्सिलीने खूण करत आणि कागद परत देत. कारण सांगत नसत. कारण आपण शोधायचे आणि मग त्यांच्यापुढे जायचे. बरोबर असले तर नुसती मान हलवत. त्यांनी आमचे आडनाव कधी विचारले नाही.

"पाना कुठनं घालू?"

एकदा एका जुन्या पंपाच्या ब्रॅकेटची प्रत घेऊन आम्ही शॉपमध्ये गेलो. ते ड्रॉइंग आमच्या येण्यापूर्वीचे, वरिष्ठांनी मंजूर केलेले. फिटरकाकांनी कागद पाहिला आणि हसले.

"हे वर बसून कुणी काढलं रे पोरा? नट बरोबर दिसतोय. पण तो आवळायला पाना कुठनं घालू? भिंत आडवी येते."

"मग आजवर कसं आवळता, काका?"

"पाना घासून बारीक केलाय. दोनदा बोटं सोलली."

आम्ही ही गोष्ट तपासनीसांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "फिटर म्हणतो म्हणून सांगू नकोस. खाली जा, पान्याचं तोंड मोज, तो किती फिरायला हवा ते मोज, मग ये." आम्ही मोजून आलो. बोल्ट आठ मिलिमीटर सरकवला तर पाना मोकळा फिरत होता आणि ब्रॅकेटची ताकदही कमी होत नव्हती. त्यांनी हिशेब पुन्हा करवून घेतला. मग ड्रॉइंगवर दुरुस्तीच्या रकान्यात 'ए' असे लिहून कारण घातले: पान्यासाठी जागा. 'दुरुस्ती कोणी केली' या ठिकाणी त्यांनी आमची अक्षरे घालायला सांगितली.

नवी प्रत घेऊन आम्ही पुन्हा खाली गेलो. काकांनी ती चष्म्याजवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "हां, आता जातो."

आमच्या मते डिझाइनचे सगळे शिक्षण यात आले. फिटरला जे ठाऊक असते ते वर पोचत नाही, आणि वर जे ठरते त्याचा त्रास फिटरच्या बोटांना होतो. कामगाराच्या घरातला मुलगा त्या खुर्चीवर बसला तर त्याला हे दोन्ही बाजूंनी दिसते. बापाची सोललेली बोटे त्याने पाहिलेली असतात. तो वर जाऊन हे विसरला, तर खुर्चीवर माणूस बदलला एवढेच होईल. फिटरला घासलेला पाना वापरावाच लागेल.

सोपाऱ्याचे करंडक आणि भुईगावचा शिलालेख

आपण गास-सोपाऱ्याच्या परिसरात राहतो, तेव्हा आपल्या दाराशीच असलेले एक उदाहरण सांगायला हवे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले आणि सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आला. विटांच्या कोठडीत दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. आत सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

पाच वेगवेगळ्या जिनसा एकीत एक बसवायच्या म्हणजे प्रत्येकाचे माप आधी ठरवावे लागते. स्फटिक तर ठोकून वाढवता येत नाही आणि घासलेला परत मिळत नाही. त्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मोकळिकीचा हिशेब मात्र त्यांना पक्का येत होता, याची साक्ष ते करंडकच देतात. मंगलसुत्तात भगवंतांनी बहुश्रुतपणाबरोबर शिल्प, म्हणजे हातची विद्या, हेही मंगल म्हणून सांगितले आहे. आपल्या धम्मात कारागिरीला कमीपणा नाही.

दुसरे उदाहरण गासजवळच्या भुईगावचे. तिथे १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा ना. अ. गोरे यांना मिळाला. या लेखात अशोक म्हणतो की लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर राखणे. उमेदवार आणि मालक या दोघांच्या कर्तव्याचा एवढा थोडक्यात सांगितलेला नियम आणखी कुठे मिळणार? शिकणाऱ्याने गुरूचा मान ठेवावा, आणि राबवून घेणाऱ्याने राबणाऱ्याचा.

कायदा काय सांगतो?

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि डिप्लोमाधारक त्यात आले, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलमही आले. महाराष्ट्रात बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून होत्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. राज्याच्या आणि केंद्राच्या दाखल्यांचे नमुने वेगवेगळे असतात, तेव्हा दोन्ही कागद वेळेत तयार ठेवावेत.

पालकांनी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

उमेदवारीचा करार लेखी असतो आणि त्याची सरकारकडे नोंद व्हावी लागते. नोंद नसेल तर तुमच्या मुलाला स्वस्तातला मजूर म्हणून राबवले जाण्याची भीती असते.

२०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी पदवीधरांना महिना ९,००० आणि डिप्लोमाधारकांना ८,००० रुपये ठरवली. हे दर बदलत असतात, म्हणून करार करताना चालू दर पाहून घ्यावा. या दोन्ही वर्गांच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा सरकार उचलते. म्हणजे शिकवण्यासाठी सरकारी पैसा खर्च होतो. त्या पैशात नुसत्या घड्या घालून घेणे ही फसवणूक आहे.

उमेदवार हा कायद्याने 'कामगार' नाही, तो शिकणारा आहे. त्यामुळे नोकरीची हमी नसते, परंतु परवानगीशिवाय ओव्हरटाइमही करून घेता येत नाही. अपघात झाला तर भरपाईची तरतूद आहे.

पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी पश्चिम विभागाचे अप्रेंटिसशिप मंडळ मुंबईत सायनला आहे. वर्ष पुरे झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र पुढच्या नोकरीत अनुभव म्हणून उपयोगी पडते.

आता बोर्ड गेले, जबाबदारी राहिली

आमच्या काळचे ड्रॉइंगबोर्ड, शाईची पेने, अमोनियाची यंत्रे आता गेली. सगळे काम कॉम्प्युटरवर होते. रेघ चुकली तर ब्लेड लागत नाही, बटण दाबले की पुसली जाते. यामुळे एक फायदा झाला आहे: डिझाइनच्या कामात मुलींना आता पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. आपल्या मुलींनी याकडे जरूर वळावे. परंतु कॉम्प्युटरवर सुबक चित्र निघाले म्हणजे पाना फिरेलच असे नाही. म्हणून मुलामुलींना आमचे सांगणे आहे, की आठवड्यातून एकदा तरी शॉपमध्ये उतरा, मापे स्वतःच्या हाताने घ्या, फिटरकाकांना विचारा. साधी वही आणि पेन्सिल सोडू नका. आणि डायरी रोज लिहा, खरी लिहा.

आता पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर. करार नोंदलेला असेल, काम खरोखर डिझाइनचे असेल, तर घरात पोटाला चिमटा काढून हे एक वर्ष काढावे. ठेकेदाराचे चार पैसे आज जास्त दिसतात, पण ठेकेदार पाच वर्षांनीही तेच काम देतो. ज्या घराला एक वर्षही शक्य नाही, त्या घराला दोष देऊ नये. तिथे वस्तीने हात पुढे करावा. आपल्या विहारांत जयंतीसाठी वर्गणी निघते, तशी दरवर्षी दोन उमेदवारांच्या रेल्वे पासासाठी काढायला काय हरकत आहे? नोकरीत मुरलेल्या आपल्या बांधवांनी महिन्यातल्या एका रविवारी विहारात बसून मुलांचे करार आणि डायऱ्या पाहून दिल्या, तर पैशाहूनही मोठी मदत होईल. कामाला लागलेल्या मुलांनी मागून येणाऱ्यांसाठी एवढा वेळ काढावा, हीच अपेक्षा.

जयभीम!